मडक्यात काय शिजतंय?

ऑनसाईट म्हटलं की आयटीवाल्याच्या बॅगेत मॅगीची पाकिटं आणि आईने कोंबलेला मेतकुटाचा डबा असणारच. तीन आठवड्यांसाठी माद्रिदला जाताना माझ्याही होता. पण एका शनिवारी टीममधल्या दोघांनी दुपारी दोन वाजता (हो, तिथे जेवायची वेळ हीच!) मला 'ला बोला'मध्ये नेलं. १८७० पासून चालू असलेली ही खानावळ बाहेरून लालभडक आहे. आत बहुतेक टेबलांवर एकच पदार्थ: कोसिदो.

प्रत्येकाला आपापलं मातीचं मडकं. निखाऱ्यांवर तासन् तास शिजलेलं. वेटर आधी मडकं तिरकं करून बारीक शेवयांवर नुसता गरम रस्सा ओततो. ते सूप प्यायचं. मग उरलेलं ताटात उपडं: काबुली चणे, बटाटा, मांस, डुकराची चरबी, सॉसेज. परंपरेने हे जेवण तीन फेऱ्यांत वाढतात - सूप, चणे-भाजी, मांस. पत्त्यांवरून त्यांना गुलाम, घोडा आणि राजा म्हणतात :) मला परकं काही वाटलंच नाही. कोल्हापुरी ताटात एकाच मटणाचं अळणी, रस्सा आणि सुकं होतंच की!

गप्पांत विषय निघाला तो या मडक्याच्या जन्माचा. स्पेनमधले ज्यू शनिवारी चूल पेटवत नसत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच चणे आणि मांसाचं मडकं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि शनिवारी खायचं. त्याला अदाफिना म्हणत. कोसिदो त्यातूनच आला असं बरेच अभ्यासक मानतात. १४९२ मध्ये राजा-राणीने फर्मान काढलं: ख्रिश्चन व्हा नाहीतर देश सोडा. जे राहिले त्यांच्यावर इन्क्विझिशनची नजर. शुक्रवारी मडकं चढतं का, चरबीऐवजी तेलात शिजतं का, हे शेजारी आणि मोलकरणी जाऊन सांगत, आणि खटल्यात तो पुरावा ठरे. मडक्यात डुक्कर आलं ते काही प्रमाणात या भीतीने, असं म्हणतात.

घास घशात जरा अडकलाच.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर भाईंदर स्टेशनवरून उत्तनची बस पकडा. उत्तन, डोंगरी हा भाग १५३४ पासून जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता. तिथल्या ईस्ट इंडियन घरांत सणाला होणारं सोरपोतेल म्हणजे पोर्तुगीज सारापातेलच, आपला मसाला पडलेलं. आणि गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ च्या हुकुमात बाटलेल्यांना चक्क हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी केली होती. भात बिनमिठाचा म्हणजे माणूस संशयित!

परत आलो तेव्हा लग्न दोन महिन्यांवर होतं आणि भाड्याचं घर शोधणं चालू होतं. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, हवेशीर वन बीएचके. एजंटने पगार, कंपनी काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न: "व्हेज ना?" मी नाही म्हटल्यावर तो हळूच म्हणाला, "बाहेर खायचं ना साहेब. घरात वास आला नाही म्हणजे झालं."

तुलना ताणायची नाही. मला कोणी खटल्यात उभं करणार नव्हतं. आणि ज्याला वासाने खरंच मळमळतं त्याच्यावर माझा रागही नाही. माझ्या आजीला लसूण चालत नसे, आम्ही ते पाळलंच. पण आजीसाठी पाळणं वेगळं आणि रविवारी दुपारी खिडक्या लावून, कोणी हुंगतंय का या धाकात बोंबील भाजणं वेगळं. धाकाने मडक्यातला जिन्नस बदलतो, आणि दोन पिढ्यांनी तोच आपला वाटायला लागतो. कोसिदो चविष्ट आहे, प्रश्नच नाही. पण त्या चवीत कोणाची तरी भीती मुरलेली आहे.

होणाऱ्या बायकोला फोन केला. ती मालवणची. तिने एकच विचारलं, "आई सुकी मासळी पाठवेल, ती ठेवायची कुठे?"

आम्ही दुसरं घर घेतलं. स्टेशनला शेअर रिक्षाने वीस मिनिटं, सकाळची ८.०५ आता क्वचितच मिळते. शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी आहेत. पहिल्याच रविवारी त्यांनी दार वाजवून सांगितलं, "मासे करशील तेव्हा आधी सांग, मी माझी खिडकी लावून घेईन." खिडकी त्यांची, लावणार त्या. मला हे एकदम मान्य आहे.