गरम हळद

"जाळी लोखंड धरंना झालीय बघा," सांगलीहून हळद गिरणीच्या मालकांचा फोन आला, तेव्हा मला खरंच वाटेना. मॅग्नेट ग्रिल मीच बसवली होती, अवघ्या आठ महिन्यांपूर्वी. २५ मिलिमीटर व्यासाच्या स्टीलच्या नळ्या, आत नियोडिमियमच्या चकत्या. कुपवाडच्या माझ्या शेडमधून निघताना नळ्यांवर चुंबकाची ताकद दहा हजार गॉसच्या आसपास भरत होती. गिरणीत जाऊन गॉसमीटर लावला. सहा हजार.

पल्वरायझरचे हातोडे झिजतात, चाळणी घासते आणि त्याचा कीस पुडीत उतरतो. तो नळीनं धरला नाही तर कुणाच्या तरी आमटीत जाणार. त्या विचारानं पोटात गोळा आला.

आधी मला वेल्डिंगचा संशय आला. चकत्या भरल्यावर आम्ही नळीचं तोंड वेल्डिंगनं बंद करतो, त्या उष्णतेनं टोकाचे मॅग्नेट जाऊ शकतात. पण ताकद नळीच्या मधल्या भागातही तेवढीच उतरली होती. मग चालू गिरणीत पुडीच्या पन्हळीखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. थर्मामीटरनं ८८ अंश दाखवले. दळताना हळद इतकी तापते हे मी मालकांना कधी विचारलंच नव्हतं. मी वापरलेले मॅग्नेट साध्या 'एन' ग्रेडचे, त्यांची मर्यादा ८० अंश. तीही मॅग्नेट एकटा आणि चांगला जाड असेल तरच.

नळीतली चकती एकटी नसते. सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून, मध्ये लोखंडी चकती घालून आम्ही त्या दाबून भरतो. त्यामुळेच बाहेर एवढी ताकद मिळते. म्हणजे प्रत्येक मॅग्नेटला शेजारचा मॅग्नेट अहोरात्र उलट ढकलत असतो. थंड असताना मॅग्नेट त्या ढकलण्याला दाद देत नाही. पण नियोडिमियमचा हा तग दर अंशाला साधारण ०.६ टक्क्यानं घटतो. साठ अंश चढले की तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेला. मग आतले काही भाग शेजाऱ्याच्या जोरापुढं उलटे फिरतात आणि निवल्यावरही तसेच राहतात.

शेडमध्ये मी उकळत्या पाण्यात एक जाड ठोकळा आणि एक पातळ चकती टाकली, दोन्ही एकाच ग्रेडचे. निवल्यावर ठोकळा जवळपास पूर्ववत झाला. चकती पडलेलीच राहिली. पातळ मॅग्नेटचं स्वतःचंच क्षेत्र त्याच्या विरुद्ध काम करतं, हे वाचलेलं होतं. त्या दिवशी ते हातात आलं. विशेष म्हणजे धातू खराब झालेला नसतो. नियोडिमियम मॅग्नेटचं चुंबकत्व पुरतं नाहीसं व्हायला तीनशेच्या वर तापमान लागतं. ती चकती पुन्हा चुंबकित करता आली असती. पण बंद नळीतल्या, एकमेकींविरुद्ध बसलेल्या चकत्या जागच्या जागी कशा करणार?

समेरियम-कोबाल्ट तीनशे अंशांपर्यंत टिकतं, पण ते महाग, ठिसूळ आणि ताकदीला कमी. मी 'एसएच' ग्रेड घेतला, मर्यादा १५० अंशांची. त्यात डिस्प्रोसियम घालतात, उलट ढकलण्यापुढं मॅग्नेटला टिकवून धरायला. एप्रिल २०२५मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हापासून या ग्रेडचा भाव विचारताना मला धास्ती वाटते. तरी गरम पुडीत साधा ग्रेड घालायचा नाही हे ठरलेलं आहे. त्या गिरणीच्या नळ्या मी माझ्या खर्चानं बदलून दिल्या.

नवी ग्रिल बसवली त्या दिवशी दुपारी पूड ९१ अंशांवर होती. एक नळी बाहेर ओढली, तर तिच्यावर काळ्या किसाचे केस उभे. गॉस सकाळपेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी भरले. गरम असताना एवढं उतरतंच, हे माहीत असूनही मला निघवेना. गिरणी बंद झाली, मालकांनी चहा मागवला. नळी हाताला गार लागेपर्यंत थांबलो आणि पुन्हा मीटर लावला. आकडा सकाळचाच होता.