फरशीचा व्हिडिओ

लेक ४ वर्षे, ४ महिने, ४ दिवसांची झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही तिची बिस्मिल्लाह केली. त्याचा व्हिडिओ छान आहे. नवा जोडा, मिठाई, पाहुणे. पण तो आम्ही क्वचितच लावतो.

लावतो ते मोबाईलवर सहज घेतलेले तुकडे. ती वरणभात कुस्करते, दादीच्या जानमाजवर सजद्यात जाता जाता कोलांटी खाते, ‘अलिफ’ला ‘अलीप’ म्हणते. अम्मींना फोटो पसंत नव्हता. मोबाईल दिसला की त्या पदर ओढून घेत, आम्हीही कधी आग्रह केला नाही. त्यामुळे त्या कुठेच दिसत नाहीत. आवाज मात्र सगळीकडे: ‘सीधे हाथ से खा, बेटा.’ ‘अरे, मोबाईल रखो, गिर जाएगी बच्ची!’

अम्मींच्या इंतकालाला दीड वर्ष झाले.

परवा मोबाईल भरला म्हणून आम्ही दोघे तुकडे पुसायला बसलो. एकात नुसती फरशी, दोन मिनिटे. चुकून चालू राहिलेला. पुसणार इतक्यात लेक ओरडली, ‘अब्बू, थांबा! दादी बोलतेय.’

अम्मी तिची नखे कापत होत्या. एकेक बोट मोजत, कुणाला घाई नसल्यासारख्या.

बिस्मिल्लाहचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर गेला. फरशीचा मोबाईलमध्येच आहे.