बैठक

कुस्तीच्या आखाड्यांत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, हा सिद्धान्त आम्ही बाळपणापासून निर्विवाद मानीत आलों होतों. त्यामुळें, जिच्यांत मनुष्य आपखुषीनें उताणा पडून लढतो अशीही एक विद्या जगांत आहे हें वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं कळलें, तेव्हां आम्हांस प्रथम हंसूंच आलें.

या विद्येचें नांव ब्राझिलियन जिउ-जित्सु. जपानांतील कोडोकान संस्थेंत ज्यूडो शिकलेला मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझिल देशीं गेला. त्याच्यापासून कार्लोस ग्रेसीनें ही कला उचलली. आणि पुढें त्या घराण्यानें, विशेषतः देहानें किरकोळ अशा धाकट्या एलिओनें, जमिनीवरील झुंजीस तिच्यांत अग्रस्थान दिलें. दुबळ्यानें खालीं पडूनही हरूं नये, हा तिचा हेतु.

आमचे चिरंजीव या नादीं लागले, आणि गेल्या वर्षीं त्यांनीं कॉलेज अर्धवट सोडलें. तेव्हांपासून घरांत एक तर वाद, नाहीं तर अबोला. अशांत एके दिवशीं ते म्हणाले, "बाबा, एकदां पाहायला तरी या." आम्ही पाहुणे म्हणून गेलों आणि तेथील तरुण शिक्षकांच्या आग्रहानें विद्यार्थी होऊन परतलों.

उताणा पडलेला गडी वरच्याच्या कंबरेस पायांची मिठी घालून पाठीमागें घोटे अडकवितो, यास गार्ड म्हणतात. वरच्यानें ती मिठी सोडवून, पायांचा अडसर ओलांडून बाजूस जावयाचें. स्पर्धेंत हें साधून तीन सेकंद टिकविलें तर ३ गुण मिळतात. आम्हांस वाटलें, यांत काय मोठेंसें? खालीं चिरंजीव होते. आम्हीं मोठ्या अधिकारानें दोन्ही हात पुढें केले. पुढच्याच क्षणीं आमचा एक हात त्यांच्या मांड्यांमध्यें अडकला, कोपर उलटें वळूं लागलें आणि आम्हांस थाप मारून हार कबूल करावी लागली.

"आधीं बसायला शिका," शिक्षक म्हणाले. गुडघे फांकलेले, पायांचीं बोटें गादींत रोवलेलीं, बैठक टाचांजवळ, कणा सरळ, मान वर. एका मुठींत प्रतिस्पर्ध्याच्या छातीवरील डगल्याचे दोन्ही कांठ, दुसरी त्याच्या कंबरेशीं, आणि आपलीं कोपरें आपल्याच अंगाजवळ. जोंवर डोकें कंबरेच्या सरळ वर आहे तोंवर आपला भार आपल्या ताब्यांत. डोकें पुढें ओढलें गेलें कीं हात गादीवर टेकतात, आणि तोच भार खालच्याच्या मालकीचा होतो. मग गळा किंवा हात, त्यास जें रुचेल तें तो घेतो. म्हणून ओढ लागतांच हातांनीं धडपडूं नये. कंबर पुढें आणावी आणि कणा उभा करावा. पुढचें सर्व डावपेच त्यानंतर.

ऐकावयास हें सोपें. परंतु आमचा कणा तीस वर्षें उत्तरपत्रिकांवर वांकलेला! चिरंजीव मान ओढीत आणि आम्ही दरवेळीं पुढें कोसळत असूं. तेथें गादीवर नाक टेकून पडलों असतां एक गोष्ट ध्यानांत आली. घरींही आमचें असेंच होत असे. त्यांनीं एखादें वाक्य टाकावें, आम्हीं उत्तरासाठीं हात लांब करावा, आणि तोल आमचाच जावा.

तीन महिन्यांनंतर एके संध्याकाळीं त्यांनीं तीनदां ओढलें आणि तीनदां आमची बैठक जागची हलली नाहीं. गार्ड कांहीं आम्हांस ओलांडतां आला नाहीं. तो अद्यापही येत नाहीं. पण खालून ते हंसून म्हणाले, "आतां बसलांत, बाबा."

परततांना वाटेंत, आम्हीं न विचारतां, कॉलेज कां सोडलें तें ते सांगूं लागले. त्यांतील निम्मी कारणें आम्हांस पटलीं नाहींत. उत्तर जिभेच्या टोकापर्यंत आलें होतें. आम्हीं पाठ सरळ केली आणि घर येईपर्यंत ऐकत राहिलों.