डंगरीचा शोध

वेल्समधील टॅलिलिन ही डोंगरातील पाटीचा दगड खाली उतरवण्यासाठी १८६५ साली बांधलेली एक अरुंद, चिमुकली रेल्वे. १९५० मध्ये तिच्या वृद्ध मालकाचे निधन झाले आणि ती कायमची बंद पडणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी एक संस्था स्थापन केली, आणि मे १९५१ पासून विनावेतन राबणाऱ्या हौशी माणसांच्या बळावर तिच्या गाड्या धावू लागल्या. जुनी रेल्वे स्वयंसेवकांनी जतन करून चालती ठेवल्याचे जगातील हे पहिले उदाहरण. पुढे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही असे अनेक लोहमार्ग वाचवले गेले. आठवडाभर शाळेत शिकवणारा किंवा कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस शनिवारी पहाटे इंजिनाच्या शेडमध्ये येतो, भट्टी पेटवतो आणि दिवसभर फावड्याने कोळसा घालत राहतो.

या माणसापुढे पहिल्याच दिवशी एक साधा प्रश्न उभा राहतो: अंगात घालायचे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. नाटकातल्या पोशाखाइतकेच त्याचे महत्त्व, असेही कोणी म्हणेल. वस्तुतः तसे नाही. आज कामाचे कपडे विकणाऱ्या दुकानात सहज मिळते ते बहुधा पॉलिएस्टर मिसळलेले कापड. ते हलके असते, चटकन वाळते आणि स्वस्त पडते. कारखान्यातील पुष्कळशा कामांना ते पुरेही पडते. परंतु वाफेच्या इंजिनाच्या भट्टीतील उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि भट्टीचे दार दर थोड्या वेळाने उघडावेच लागते. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते. ठिणगी पडली की ते उकळत्या पाकासारखे कातडीला चिकटते. स्टोव्हपुढे नायलॉनची साडी नेसून बसू नकोस, असे आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायका बजावत आल्या, त्यामागे हेच ज्ञान होते. जाड सुती कापडही जळते, पण ते वितळत नाही. ठिणगी पडली तर बहुतेक वेळा एक काळे भोक पडते आणि ठिणगी झटकून टाकायला माणसाला एवढा अवधी पुरतो. मात्र तेच कापड तेलाने व वंगणाने माखलेले असेल तर ते भराभर पेटते. म्हणून जुने कपडे वापरणाऱ्याने ते वेळोवेळी धुतले पाहिजेत. मळक्या कपड्यांतच खरा रेल्वेवाला शोभतो, ही समजूत धोक्याची आहे.

जुन्या पोशाखाकडे निरखून पाहिले तर त्यातील प्रत्येक गोष्टीला कामातून आलेले कारण सापडते. छाती झाकणारी आणि खांद्यावरून पट्टे घेतलेली विजार, म्हणजे आपण जिला डंगरी म्हणतो ती, वाकून फावडे मारताना कमरेवरून सरकत नाही आणि तिला पट्टाही लागत नाही. अमेरिकेतील इंजिनवाल्यांची निळी-पांढरी पट्टेदार डंगरी काजळीचे डाग दिसू देत नाही. गळ्याभोवतीचा रुमाल ऐटीसाठी नसून कॉलरमधून आत शिरणारी राख अडवण्यासाठी असतो. त्याची टोके मात्र आत खोचलेली हवीत. छातीवरचा खिसा घड्याळाचा. १८९१ साली ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. एका इंजिनचालकाचे घड्याळ काही मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे तिचे कारण सांगितले जाते. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याच्या देखरेखीखाली रेल्वेच्या घड्याळांचे कडक नियम झाले. टोपीची कथा याहून घरगुती आहे. जॉर्ज क्रोमर या इंजिनचालकाची टोपी वाऱ्याने वारंवार उडून जाई. १९०३ मध्ये त्याच्या पत्नीने, आयडाने, बेसबॉलच्या टोपीला कानांवर ओढता येईल अशी पट्टी शिवून दिली. पुढे त्या टोपीचा मोठा व्यवसाय झाला.

डंगरी हा शब्द मूळचा आपलाच. मुंबईच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी पाहिले आणि त्या गावाच्या नावावरून त्याला नाव दिले. खलाशांनी ते वापरले, मग कामगारांनी. होता होता कापडाचे नाव कपड्याला चिकटले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली ते ठिकाणही डोंगरीपासून फार दूर नाही. परदेशातील इंजिनावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरील वस्त्राचे नाव मुंबईतील आहे, हे त्याला बहुधा ठाऊकही नसते.

तर असे कपडे आता शोधायचे कुठे? ब्रिटिश रेल्वेवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली आणि त्या इंजिनांवर काम करणारा कामगारच उरला नाही. गिऱ्हाईक गेले की माल जातो. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये १८९५ साली सुरू झालेली ऑशकॉश ही कंपनी एके काळी रेल्वे कामगारांच्या पट्टेदार डंगऱ्यांसाठी नावाजलेली होती. आज ती ओळखली जाते लहान मुलांच्या कपड्यांसाठी. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील कोन कंपनीच्या व्हाइट ओक गिरणीत जुन्या मागांवर डेनिम विणले जात असे. २०१७ च्या अखेरीस तीही बंद झाली. जपानमधील काही गिरण्या जुन्या मागांवर उत्तम डेनिम विणतात, पण ते शौकिनांसाठी. एके काळी मजुराला परवडणारे कापड आज श्रीमंताच्या कपाटात जपून ठेवले जाते, आणि ज्याला ते खरोखर कोळशापुढे घालायचे आहे त्याला किंमत ऐकून मागे फिरावे लागते.

वाट सापडते ती अनपेक्षित जागी. अमेरिकेतील शेतकऱ्याने डंगरी घालणे कधी सोडलेच नाही. त्यामुळे खते, कुंपणाची तार आणि गुरांचा चारा विकणाऱ्या दुकानांत अजूनही चांगल्या सुती डंगऱ्या मिळतात. ओक्लाहोमातील शॉनी येथे १९०३ साली सुरू झालेल्या एका कारखान्याने तर इंजिने फिरवून उभी करण्याच्या गोल शेडवरून स्वतःचे राउंड हाउस हे नाव घेतले. रेल्वेचा पोशाख असा शेतीने सांभाळला. संग्रहालयांना ते जमले नसते.

माल हाती आला तरी डोळे मिटून घेऊ नये. चिठ्ठीवर निव्वळ सुती असे लिहिले असले तरी दुमडीतला एक धागा ओढून, भांडे जवळ ठेवून, जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टरचा कडक काळा मणी होतो. शिवण दुमडून तिहेरी घातलेली असावी. न आटवलेले कापड पहिल्या धुण्यात चांगलेच आटते, म्हणून माप सैल घ्यावे. निवृत्त कामगाराच्या घरून मिळालेले जुने कपडे मोहक खरे, परंतु घडीवर कुजलेले कापड खांद्यावरचा भार पेलत नाही. ते उजेडासमोर धरून बघावे. आणि रुळांवर उतरताना या साऱ्यावर भडक नारिंगी जाकीट चढवावे लागते. जुन्या काळचे दृश्य त्याने बिघडते, ही काहींची तक्रार खरी आहे. पण दाट धुक्यात रुळावर वाकलेल्या जुन्या कामगाराला असे जाकीट कोणी दिले असते, तर त्याने ते आनंदाने घातले असते.

नवी डंगरी पहिले काही आठवडे पुठ्ठ्यासारखी ताठ असते. गुडघे वाकत नाहीत, पट्टे खांद्याला काचतात, निळा रंग हातांना लागतो. हंगाम संपेपर्यंत ती मऊ होते. तोवर उजव्या गुडघ्यावर एक ठिगळही लागलेले असते.