पाहणीच्या वह्या तपासतांना

भूगोल हा विषय केवळ नकाशावरून शिकावयाचा नाहीं, असें आम्ही शिक्षक नेहमीं सांगतों. परंतु विद्यार्थी नदीकांठीं जाऊन जें पाहून येतात, त्याचें मोल गुणांत कसें करावें, हें मला गेल्या हिंवाळ्यांत एका विद्यार्थ्यानेंच शिकविलें.

नववीच्या वर्गास घेऊन मी वाईस कृष्णाकांठीं गेलों होतों. प्रवाहाचा वेग मोजणें हें त्या दिवशींचें काम. कांठावर १० मीटर अंतर आंखून वरच्या खुणेजवळ संत्रें पाण्यांत सोडावयाचें आणि खालच्या खुणेपर्यंत तें किती सेकंदांत पोंचतें, हें पाहावयाचें. संत्रें बहुतेक बुडून तरंगतें, म्हणून वारा त्यास फारसा ढकलीत नाहीं. असें पांच वेळां करून सरासरी काढावयाची. पृष्ठभागाचें पाणी तळाच्या पाण्याहून वेगानें वाहतें. यास्तव आलेल्या वेगास सुमारें ०.८५ नें गुणावें लागतें.

वह्या तपासतांना एक वही फार सुबक दिसली. रंगीत नकाशा, सरळ रेघा, आणि पांचही वेळां बरोबर २० सेकंद! मीं २० पैकीं १८ गुण दिले. दुसऱ्या वहीवर चिखलाचे डाग होते. आंकडे होते २०, २२, १९, ३४, २३, आणि ३४ पुढें बारीक अक्षरांत लिहिलें होतें, "संत्रें जलपर्णींत अडकलें. हा आंकडा सरासरींत धरला नाहीं." उरलेल्या चारांची सरासरी २१ सेकंद, पृष्ठभागाचा वेग सेकंदास ०.४८ मीटर, एकंदर प्रवाहाचा सुमारें ०.४. गणित बरोबर होतें. पण डागांसाठीं मीं ११ गुणच दिले.

वह्या परत दिल्यावर तो मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, तो चौंतिसाचा आंकडा मीं लिहिलाच नसता, तर गुण अधिक मिळाले असते का?"

मी खजील झालों. वाहत्या पाण्यांत पांचही वेळां एकच आंकडा येणें जवळजवळ अशक्य, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. सुबक वहीच्या मालकास विचारलें, तेव्हां त्यानें खालीं मान घालून कबूल केलें कीं, मोजणी एकदांच केली होती. पण अधिक दोष माझाच होता. माझ्या गुणवांटणींत नीटनेटकेपणास ८ गुण होते. अडचण प्रामाणिकपणें नोंदविण्यास एकही नव्हता. जें मीं मागितलें, तेंच त्या मुलानें दिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें आपली चूक सांगितली, गुणवांटणी बदलली आणि साऱ्या वह्या पुन्हां तपासल्या. चिखलाच्या वहीस १७ गुण मिळाले. पुढल्या शनिवारीं सुबक वहीचा मालक वडिलांस बरोबर घेऊन पुन्हां नदीवर गेला. त्याची नवी वही थोडी भिजलेली आहे आणि तिच्यांतील पांचही आंकडे निराळे आहेत.

पालकांस एवढीच विनंती कीं, मूल पाहणीवरून परत आलें म्हणजे वही स्वच्छ आहे का, हें मागाहून विचारावें, "तूं काय पाहिलेंस?" हें आधीं विचारावें.