टाळांची निवड

प्रकाशा गावी, तापी-गोमाईच्या संगमावर भजनात वाजणारे जाड टाळ घेऊन आम्ही शहाद्यात ध्वनिमुद्रणाला बसलो. घाटावर ज्यांची आस हवीहवीशी वाटते, तेच माइकसमोर अभंगाचे शब्द झाकू लागले. मोकळ्यावर नाद विरतो, बंद खोलीत साचतो. मग पातळ, लहान जोडी घेतली. तीही काशाचीच, साधारण 78 भाग तांबं, 22 भाग कथील. पण तिचा नाद लवकर मिटतो. माइक टाळांपासून लांब सरकवला. शब्द वर आले. तरी मोठ्या टाळांची ती थरथर अजून छातीत आहे. मुद्रणात ती कशी आणावी, उमगत नाही. टाळ घेताना नुसते दुकानात वाजवून पाहू नका. गाणाऱ्याच्या आवाजासोबत मुद्रित करा आणि मग ऐका.