निबंध : पुणे ते पौड, एका छोट्या प्रवासाची तयारी



नववीच्या वर्गाला मी दर वर्षी 'एका प्रवासाची तयारी' हा विषय निबंधासाठी देते. आणि दर वर्षी बहुतेक वह्यांमध्ये एकच निबंध असतो. 'आम्ही पहाटे लवकर उठलो. आईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली. बाबांनी गाडीत पेट्रोल भरले. आमच्या आनंदाला पारावार उरला नाही.' हा पारावार मुलांना कुठून सापडतो, देव जाणे. यंदा वह्या परत देताना मी जरा रागावलेच. "यात तयारी कुठे आहे? पुऱ्या म्हणजे तयारी का?" तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तुम्ही लिहून दाखवा ना."

तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण मे महिन्याच्या सुट्टीत मला खरोखरच अशी एक तयारी करावी लागली. ती जशी झाली तशी लिहिते.

प्रवास अगदी छोटा. कोथरूडच्या वनाजपासून पौडपर्यंत, म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. पौड हे मुळशी तालुक्याचं मुख्य ठिकाण, तहसील कचेरी तिथेच. जमलं तर तिथून पुढे आणखी पंधराएक किलोमीटर, मुळशी धरणाच्या पाण्यापर्यंत. माझा भाऊ बंगळुरूला असतो, त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, मॅपला टाक आणि निघ. तासाभराचा रस्ता, त्यात ठरवायचं काय?" त्याचं बरोबर होतं. फक्त शेजारच्या सीटवर आई बसणार होती, हे त्याने धरलं नव्हतं.

आई ८२ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात वॉकर घेऊन फिरते, पण बाहेर जाणं म्हणजे दवाखाना, बाकी काही नाही. एप्रिलमध्ये एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकदा आजोळ बघायचंय."

आता हे आजोळ कुठलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेर मुळशी खोऱ्यातलं. शंभर वर्षांपूर्वी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुंबईला वीज पुरवण्यासाठी धरण बांधायला घेतलं. त्या पाण्याखाली खोऱ्यातली गावं जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी, आणि या लढ्यामुळेच लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. पुण्यातला सेनापती बापट रस्ता तुम्ही रोज ओलांडता, तो त्यांच्याच नावाचा. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक याच सत्याग्रहाचं नाव घेतात. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. पुण्यातल्या ज्या सावकारांच्या नावावर तिथल्या पुष्कळ जमिनी होत्या, त्यांना मोबदला चालत होता. कसणाऱ्याला तो चालण्यासारखा नव्हता. पुढे बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण पुरं झालं, आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. मुळेचं हे पाणी एरवी पुण्याकडे आलं असतं. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात उतरवलं जातं आणि कुंडलिका नदीला मिळतं. आपण खडकीच्या पुलावरून जी मुळा बघतो ती धरणाखाली उरलेली मुळा.

आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. पणजोबा भावकीतल्या दोन घरांबरोबर पुण्यात आले आणि भवानी पेठेत हमाली करू लागले. गावातली काही घरं वर काठावर जाऊन राहिली, गावाचं नावही वर गेलं. म्हणून आजी कधी गावाचं नाव घ्यायची नाही. 'खालचं गाव' एवढंच म्हणायची. आईच्या लहानपणी वाड्यातली सगळी पोरं सुट्टीला मामाच्या गावाला जायची, आई दारात बसून राहायची. एकदाच, ती आठ-नऊ वर्षांची असताना, आजीने तिला एसटीने तिकडे नेलं होतं. श्रावण होता. धरण तुडुंब. आजीने खिडकीतून बोट दाखवलं, "ते बघ, तिथं खाली." आईला पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

तर तयारीतला पहिला प्रश्न रस्त्याचा नव्हता, महिन्याचा होता. जो तो सांगत होता, मुळशीला जायचं तर जुलैत जा, हिरवंगार असतं, ताम्हिणीचे धबधबे असतात. मीही तेच म्हटलं. आई म्हणाली, "मला हिरवं नाही बघायचं. पाणी खाली गेलं की बघायचंय." वर्षभर विजेसाठी पाणी सोडत सोडत धरण मेअखेरीला सगळ्यात खाली जातं, पाऊस लागला की पुन्हा चढतं. म्हणजे आमच्या हातात फार तर तीन आठवडे होते. पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणायची सोय नव्हती. तसं कुणी बोललं नाही, पण दोघींनाही माहीत होतं.

मग डॉक्टर. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. सलग पाऊण तासाच्या वर बसवू नका, आणि उतरवताना पाय वळू देऊ नका. तिसरी गोष्ट मी विचारली, आणि ती विचारली म्हणूनच हा प्रवास झाला असं मी म्हणेन. आईला सकाळी लघवीची एक गोळी असते. ती घेतल्यावर दोन तास दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. त्या दिवसापुरती ती परत आल्यावर घेतली तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, दहाच्या आत द्या, चालेल. (डॉक्टरांना न विचारता गोळीची वेळ कुणीही बदलू नये, हे मुलांनो, घरी सांगा.) तुमच्या निबंधात बाथरूम कधीच नसतं. पण म्हातारं माणूस प्रवासाला नाही म्हणतं, त्याचं निम्मं कारण तेच असतं, आणि ते लाजेने सांगत नाहीत.

दहाच्या आत घरी, म्हणजे सगळं वेळापत्रक उलटं मोजत यायला लागलं. दहाला घर, पण थोडा वेळ हाताशी हवा म्हणून साडेनऊ. त्याआधी परतीचा तास. त्याआधी पौडला थांबणं. असं मागे मागे येत मी पावणेसहाला पोचले. आता वार कुठला? रविवारी जाऊ नकोस, गर्दी असते, असं शेजारच्या काकूंनी तीनतीनदा बजावलं. मी रविवारच धरला. आठवड्यातल्या दिवशी सकाळी पिरंगुटच्या कारखान्यांच्या बसगाड्या जाताना भेटतात, आणि नऊच्या सुमारास पुण्याकडे येणारी सगळी नोकरदार मंडळी भूगावात अडकलेली असते. रविवारी हे दोन्ही नाहीत. फिरायला जाणारे असतात, पण मे महिन्यात ते आठच्या आधी उठत नाहीत. ते जायला निघतील तेव्हा आपण परत येत असू.

पुढची अडचण मी स्वतः. गाडी चालवायला मी एकावन्नाव्या वर्षी शिकले, त्याला दोन वर्षं झाली. शाळा, भाजी मंडई आणि दवाखाना एवढाच माझा सराव. चांदणी चौकाची मला भीतीच वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथला जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल सुरू झाले, तेव्हापासून रस्ते चहूकडे फुटतात. एक फाटा चुकला की माणूस मुंबईच्या नाहीतर साताऱ्याच्या वाटेला लागतो. एकटीचं चुकलं तर वळून येता येतं. आई शेजारी असताना चुकलं तर तिचा पाऊण तास तिथेच संपणार.

म्हणून आधीच्या रविवारी मी रंगीत तालीम केली. बरोबर मुलगी, तिच्या हातात वही. चांदणी चौकात मी खरंच एकदा चुकले. मग परत येऊन तोच फाटा दोनदा घेतला, आणि मुलीने वहीत लिहिलं, 'पौडची पाटी दिसली की लगेच, पुलावर चढून नाही.' गतिरोधक मोजायचे ठरवलं होतं. खुब्याला धक्का बसू नये म्हणून कुठे किती आहेत ते आधी माहीत हवं. मुलीने चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी असं सुरू केलं, पिरंगुट येईपर्यंत पान भरलं आणि तिने वही मिटली. "आई, त्यापेक्षा कुठे नाहीत ते लिहू का?" पिरंगुटचा घाट मी मनात फार मोठा करून ठेवला होता. चार वळणं आणि उतार, संपलाही. फक्त पुढे ट्रक असेल तर घाई करायची नाही, असं ठरवून टाकलं.

पिरंगुटच्या पुढे एका पेट्रोल पंपावर उतरून मी बाथरूम बघून आले. स्वच्छ होतं, पण बैठं. आईला खाली बसता येत नाही. पौडमध्ये एका चहावाल्यांच्या घरी कमोड आहे असं चौकशीत कळलं. त्यांच्या बायकोने आधी मला नीट न्याहाळलं. मी कारण सांगितल्यावर म्हणाली, "आणा की मावशींना, त्यात विचारायचं काय?" एवढ्या एका वाक्यासाठी पंचवीस किलोमीटर जाऊन येणं परवडलं. आपला मॅप हे सांगत नाही.

बाकीची तयारी तुम्हालाही सुचली असती, भरभर सांगते. चाकात हवा, स्टेपनीतही हवा. पाणी, बिस्किटं, गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, ते रस्त्यावरून कुठे वळतं ते बघून ठेवलं. १०८ नंबर पाठच आहे, पण पुढे डोंगरात फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला. सीटवर एक उशी. आणि पुऱ्या? केल्या. तेवढं तुमचं बरोबर.

सगळ्यात अवघड एकच गोष्ट होती, ती मी आदल्या रात्री आईला सांगितली. "आपण पौडला जायचं असं धरून निघतोय. तिथे तुला बरं वाटलं तरच पुढे. नाहीतर चहा घेऊन परत." ती काही बोलली नाही. उठून तिने वॉकर दाराशी नेऊन ठेवला, उद्या विसरू नये म्हणून.

पहाटे पाच अठ्ठेचाळीसला निघालो. चांदणी चौकातला फाटा बरोबर मिळाला. भूगावचं तळं आलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आईला काही ओळखू येईना. "इथं भातखाचरं होती गं." मुळशीचा आंबेमोहोर इथूनच पुण्यात यायचा. आता दोन्ही बाजूंना सोसायट्या, मंगल कार्यालयं आणि जमिनीच्या प्लॉटच्या पाट्या. पिरंगुटला पाच मिनिटं गाडी उभी करून तिला फक्त उभं केलं. पावणेसातला पौड. चहावाल्यांच्या घरातून ती बाहेर आली, दोन घोट चहा घेतला, आणि मी विचारायच्या आधीच गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

माले मागे टाकलं आणि एका वळणावर झाडांमधून पाणी दिसलं. धरणाच्या भिंतीकडे जाता येत नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेला रुंद जागा बघून थांबलो. पाणी खूप आत गेलं होतं. काठाला लाल माती, तिच्यावर पायऱ्यांसारख्या पाणी उतरल्याच्या रेघा, आणि मधेमधे दगड. काही रांगेत होते. निदान तसं वाटत होतं.

"ते जोतं का गं?" आईने विचारलं.

मला सांगता येईना. नदीचे दगडही असे पडतात. तिचं खालचं गाव नेमकं याच अंगाला होतं की पलीकडच्या डोंगराखाली, हेही कुणी उरलेलं नाही सांगायला. इतकी तयारी केली, पण हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं होतं. विचारायला पाहिजे होतं ते तीस वर्षांपूर्वी, आजीला. मी म्हटलं, "असेल."

आई वॉकर धरून उभी होती. दहा मिनिटं झाली. मी घड्याळ बघितलेलं तिला दिसलं असावं. तिने एकदा पदर सारखा केला आणि तिकडे हात जोडले. मग म्हणाली, "चल. पौड येईपर्यंत धरवेल मला."

साडेनऊला नाही, नऊ पन्नासला घरी पोचलो, कारण भूगावात समोरून येणाऱ्या गाड्यांनी आमचीही बाजू अडवली होती. त्यांत बऱ्याच गाड्यांच्या खिडक्यांतून पोरं बाहेर डोकावून ओरडत होती. गोळी वेळेत दिली. पलंगावर आडवी होताना आई म्हणाली, "एक उशी कमी पडली बघ. पुढच्या मेला दोन घे."